काळीची पिल्लं

पेटीवरची फळी सरकवून बुआवन आत वाकली आणि श्वास रोखून तशीच राहिली.

“झालं सुरू,” ती म्हणाली.

तिचा नवरा खामसिंग शेगडीत लाकडं सारत होता. तो उठून आला. ओल्या मातीवर काळी इंगळी अंग उचलून, पुढचे पाय दुमडून उभी होती. तिच्या पोटाखालून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी निसटलं, वळवळलं आणि तिच्याच पायांवरून चढत पाठीवर गेलं. मग आणखी एक.

“हात नको लावू,” खामसिंग हळू आवाजात म्हणाला. “बिथरली तर स्वतःचीच पिल्लं खाईल.”

“मी कुठं लावतेय?”

एवढं बोलणंही तिच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं.

ही इंगळी त्याला बांबूच्या बेटात सापडली होती. संध्याकाळी भाजून खाऊ म्हणून त्यानं ती आणली. तेव्हा बुआवनला दिवस भरत आले होते. इंगळीच्या कुशीची कातडी ताणून पांढरी पडलेली तिला दिसली आणि ती मध्ये आडवी आली. “हिच्या पोटात आहेत रे. राहू दे हिला.” तिनंच पेटीत माती भरली, लपायला साल ठेवली, रोज पाणी शिंपडलं, रातकिडे पकडून घातले. नावही तिनंच ठेवलं. काळी.

मग बुआवन स्वतः बाळंत झाली. कापडात गुंडाळलेलं लहानसं गाठोडं खामसिंगनं उराशी धरलं आणि गावाबाहेर सागाच्या झाडांखाली पुरून आला. बाळंतिणीनं शेगडीजवळून हलायचं नसतं, म्हणून तिला कुणी नेलं नाही. तो परतला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. बुआवन त्याच्या हातांकडे बघत राहिली. तोंडाकडे तिनं पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

बांबूच्या बाजेवर शेक घेत ती पडून असे. सासू येऊन पाल्याचा कढत काढा पाजायची, मग वाटीत दूध पिळायला लावायची.

“कशाला आई?”

“साठून राहिलं तर ताप भरेल, बाई.”

सासू ती वाटी शेल्याखाली झाकून बाहेर न्यायची.

अंगणापलीकडे नणंदेचं, चानसुकचं घर. तिचा मुलगा अजून अंगावर पीत होता. तिकडून तान्ह्याचं रडणं आलं की बुआवन खिडकी ओढून घ्यायची आणि पेटीपाशी जाऊन बसायची.

काळीला पिल्लं झाली त्या संध्याकाळी शेजारची म्हातारी फेंगसी बाळंतिणीसाठी आलं घेऊन आली, तेव्हाही ती तिथंच होती.

“इंगळीचं बाळंतपण काढतेस होय?” खांबांवरच्या त्या घराच्या जिन्यातूनच फेंगसी म्हणाली. “आधी स्वतःचं बघ की, पोरी.”

“हिचं कोण आहे, मावशी? हिचं कोण बघणार?”

फेंगसीनं खामसिंगकडे पाहिलं. खामसिंग विस्तवाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुआवन किंचाळली. खामसिंग अंगणातून धावत वर आला.

“खाल्लं हिनं! एक खाली पडलं होतं, ते उचललं आणि खाल्लं!”

त्यानं पेटीत वाकून पाहिलं. “मेलेलं होतं ते, बुआ. हललं तरी का?”

“नव्हतं हलत.”

“मग तिनं नाही मारलं.”

“पण तिचंच होतं ना? आई आहे की कोण आहे ही? टाकून दे हिला! आत्ताच्या आत्ता टाकून दे!”

तो फळी हातात घेऊन उभा राहिला. मग मटकन खाली बसला.

“तू या पेटीशी तरी बोलतेस,” तो म्हणाला. “मी कुणाशी बोलू? खड्डा मी एकट्यानं खणला. परत आलो तर तू माझ्याकडे बघेनास.”

बुआवननं मान वर केली. त्याची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते.

“कशी दिसत होती?” तिनं विचारलं.

“तुझ्यासारखी. कपाळावर केस उतरले होते.”

“गार पडली होती?”

“नाही. ऊब होती अजून. म्हणून तर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो तिथं. वाटलं, चुकून...”

बुआवनच्या छातीतून एक आवाज फुटला आणि ती रडायला लागली, इतके दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम सुटावं तशी. त्यानं तिला जवळ घेतलं. दोघं शेगडीपुढं कितीतरी वेळ बसून होती.

रडू ओसरल्यावर तिनं पुन्हा पेटीत पाहिलं. एक पिल्लू घसरून मातीत पडलं होतं. पाय मारत होतं. काळी चालता चालता थांबली. तिनं पुढचा एक चिमटा जमिनीला टेकवला आणि हललीच नाही. पिल्लू चाचपडत चिमट्यावर चढलं, तिथून पाठीवर, बाकीच्यांच्या गर्दीत. मग ती इंगळी जपून पावलं टाकत सालीखाली गेली.

बुआवननं पेटीवर फळी ओढली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

“कुठं निघालीस? शेक सोडायचा नाही अजून. आई ओरडेल.”

“ओरडू दे.”

कठडा धरून ती जिना उतरली. उन्हानं तिचे डोळे दिपले. नणंदेच्या दारात सासू तांदूळ धूत बसली होती. तिला बघून ती ओल्या हातांनीच उठली.

आत चानसुकचा मुलगा चटईवर बसून लाकडी पळी चावत होता. चानसुक झोळीची दोरी ओढत होती. तिचा हात थांबला.

“वहिनी, तू?”

“मला दोघी झाल्या होत्या,” हात पुढं करत बुआवन म्हणाली. “उरली ती दे.”