पाण्यावरून पाणी

जहाज नदीच्या वरून चाललं होतं. खाली वेझर नदी, तिच्यात दगडी खांब, खांबांवर लांबलचक हौद, हौदात कालव्याचं पाणी आणि त्या पाण्यात वाळूनं भरलेलं हे धूड. देवदत्त कठडा धरून उभा होता आणि तोंड मिटायचं विसरला होता.

सबंध नोकरी पाटबंधारे खात्यात घालवलेला माणूस तो. ओढ्यावरून कालवा नेणारे जलसेतू त्याने स्वतः बांधून घेतले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांची गळती त्याला निवृत्तीनंतरही स्वप्नात दिसायची. इथे अख्खं जहाज गेलं, लाटा काठाला आपटल्या, आणि खाली एक थेंब पडला नाही. तो वाकून वाकून पुलाची खालची बाजू बघत होता.

“दादा, पडशील,” चारुलता म्हणाली. त्याची धाकटी बहीण. हॅनोव्हरला तिच्याकडे तो पहिल्यांदाच आला होता, आणि उद्या परत निघायचं म्हणून आज तिने त्याला आणि मुलांना गाडीत घालून इथे आणलं होतं.

“पडू दे गं. एवढं बघून पडलो तर काय बिघडलं?”

भाच्यांना याचं काही नवल नव्हतं. थोरला वेदांग शाळेच्या सहलीत येऊन गेला होता. धाकटा नील ब्रेझेल या खारट पावावरचं मीठ नखाने खरवडून खात होता. मामाचं मराठी दोघांना कळायचं, उत्तरं जर्मनमधून यायची. मामानेही आता ते मनाला लावून घेणं सोडलं होतं.

देवदत्तने बूट काढले आणि पाण्याला हात जोडले. मग कठड्यातून हात घालून कालव्याचं पाणी लागतं का बघू लागला. नवं पाणी दिसलं की डोळ्यांना लावायचं, ही दोघा भावंडांना आईने लावलेली सवय. हात पोचेना.

“दादा, नको. फरबोटन असेल इथे,” चारू इकडेतिकडे बघत म्हणाली. इथे मनाई आहे असं नुसतं वाटलं तरी ती चार पावलं मागे सरायची.

त्याने हात काढून घेतला. “बरं, संगम कुठे आहे?”

“कसला संगम?”

“अगं, दोन पाणी एका जागी आली. मिळतात कुठे?”

“मिळत नाहीत. हा वरून जातो, ती खालून जाते. झालं.”

“एवढं जवळ येऊन?”

“हो ना.”

त्याला ते काही पटेना. दोघं कऱ्हाडची. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, आणि लहानपणी ह्याच चारूला खांद्यावर बसवून त्याने तो संगम शंभरदा दाखवला होता. तो तसं बोलणार तेवढ्यात चारूच बोलली. तो आल्या दिवसापासून तिने मनात ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

“दादा, आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं. चौघांनीही. आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो. पुढच्या वेळी कऱ्हाडला येईन ती परदेशी बाई म्हणून येईन.” मग हळूच म्हणाली, “आईला सांगायची माझी छाती होत नाही रे.”

आई अजून चारूच्या खोलीत पाहुण्यांना झोपू देत नव्हती. ती कायमची परत येईल तेव्हा कुठे राहील, म्हणायची. दोघांनाही ते माहीत होतं. देवदत्तला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. शेजारी उभी असलेली बहीण हातातून सुटल्यासारखी वाटली. रागावण्याइतकं बळही त्याला गोळा करता येईना. मग तोंडातून निघाला तो नोकरीतलाच प्रश्न.

“ह्या कालव्याला पाणी कुठून येतं?”

चारूला माहीत नव्हतं. वेदांगला होतं. त्याने नदीकाठच्या एका जुन्या इमारतीकडे बोट केलं. “आउस डेअर वेझर.” मामाच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला आणि शब्द शोधत म्हणाला, “खालचं पाणी. पंप. मग वर.”

“म्हणजे उपसा,” देवदत्त म्हणाला.

“या, गेनाऊ,” अगदी बरोबर अशी वेदांगने मान हलवली. उपसा हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता.

“म्हणजे वरचं हे पाणी खालच्याच नदीचं?”

“हो.”

देवदत्तने कालव्याकडे बघितलं, मग खाली नदीकडे, मग परत कालव्याकडे. जहाज बघून झाला नव्हता इतका तो आता थक्क झाला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

चारूही बघत होती. मग तिने गळ्यातली ओढणी काढली, मुलांची बाटली रिकामी केली, बाटलीच्या गळ्याला ओढणीची गाठ मारली आणि ती कालव्यात सोडली.

“ममा!” वेदांग दचकून म्हणाला. मग जर्मनमधून आईवर कुजबुजत ओरडला. चारूने लक्ष दिलं नाही. विहिरीवरच्या बाईसारखी हातावर हात टाकत तिने बाटली वर ओढली.

पाणी गढूळ होतं, जरासा डिझेलचा वास येत होता. देवदत्तने ते आपल्या डोळ्यांना लावलं, तिच्या डोळ्यांना लावलं. नीलने आपण होऊन मिठाने माखलेलं तोंड पुढे केलं. आजूबाजूला बघून झाल्यावर वेदांगनेही केलं.

“आईला मी सांगतो,” देवदत्त म्हणाला.

“काय सांगशील?”

तो अनवाणीच पलीकडच्या कठड्याशी गेला आणि बाटलीत उरलेलं पाणी खाली वेझरमध्ये ओतलं. नील गजांना नाक लावून ते नदीत पडेपर्यंत बघत राहिला.