मूळ खरेदीदार हयात असेपर्यंत

"टिपणीसांकडे?" जिन्यातल्या बाईंनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आवाज खाली आणला. "काका नाही भेटायचे तुम्हाला. ते गेले ना, मागच्या दसऱ्याला. एक्केचाळीस वर्षांचा संसार हो! नलूसमोर विषय काढू नका हं, बिचारी अजून सावरली नाहीये."

लवू परबने मान डोलावली आणि मनातल्या मनात फाइल बंद केली.

सव्वीस वर्षं तो एका यंत्रांच्या कंपनीत तपासनीस होता. जळलेली मशीनं बघायची आणि चूक कंपनीची की गिऱ्हाइकाची, ते लिहायचं. इथे गवत कापायचं विजेवरचं मशीन चालता चालता पेटलं होतं. मोटरला आजीवन वॉरंटी होती. पण आजीवन म्हणजे कोणाचं जीवन, ते कार्डाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं: मूळ खरेदीदार हयात असेपर्यंत. मूळ खरेदीदार चिंतामणी टिपणीस. संपलंच की मग.

प्रभादेवीच्या गल्लीतली तीन मजली जुनी इमारत. तळमजल्याचं दार नलूबाईंनी उघडलं. साठी उलटलेली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र.

हे आपल्यासाठी घातलंय, लवूने नोंद केली. त्याला वाईट वाटलं, पण नोंद ती नोंद.

"परब, कंपनीतून आलोय. साहेब आहेत?"

"हे होय? आत झोपलेत." बाईंनी नजर दाराच्या कडीवर ठेवली. "खोकल्यानं डोळ्याला डोळा नव्हता. उठवत नाही. तुम्ही मशीन बघा ना."

मागच्या दारी हिरवळ होती. चार चटया अंथरल्या तर संपेल एवढीच. मधोमध करपलेलं काळं वर्तुळ, बाजूला अर्धी जळलेली जास्वंद. भिंतीवर सोसायटीचे सेक्रेटरी उन्मेष यांची नोटीस: आगीचा धोका लक्षात घेता महिनाअखेर येथे फरशा बसवून पार्किंग करण्यात येईल.

"चूक माझी नव्हती एवढं कंपनीनं लिहून दिलं ना, तर तो गप्प बसेल," नलूबाई म्हणाल्या. "आणि नवं मशीन आलं की गवतही वाढलेलं दिसणार नाही. रोज चार वाजले की मी तासभर इथे असते. ही जागा गेली तर चार वाजता मी करू काय, सांगा."

लवूने मोटर उघडली. पात्यात गवत अडकलेलं नव्हतं. वायर धड होती. आतलं तांब्याच्या तारांचं वाइंडिंग मात्र कोळसा झालेलं. चूक शंभर टक्के कंपनीची. अडत होतं ते फक्त कार्डामागच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर.

बाईंनी चहाचे तीन कप भरले. एक आत नेला. लगेच मोरीत काही ओतल्याचा आवाज आला आणि कप रिकामा परत आला.

"प्यायले?" लवूने विचारलं.

"गटकन."

घर वाचायची त्याला खोडच होती. दाराशी चपलांचा एकच जोड. दोरीवर एकच टॉवेल. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात पेनाने लिहिलेलं 'पाव', म्हणजे दूध पाव लिटर. खोकणाऱ्या माणसाच्या घरात खोकल्याची एक बाटली नाही. आणि भिंतीवर एक खिळा. खिळ्याखाली फोटोएवढा चौकोन, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. हार घातलेला फोटो काढून कपाटात ठेवला असणार. सकाळीच.

लालबागला त्याच्या खोलीतही असा खिळा होता. फोटोसकट.

"माझी बायको गेली," तो एकदम बोलून गेला. "शेवंती. तीन वर्षं झाली."

"कुठे?" नलूबाईंनी पटकन विचारलं.

लवू गडबडला. "कुठे म्हणजे? वारली."

"अगंबाई! तसं होय," बाई म्हणाल्या. "फार वाईट झालं." पण चेहऱ्यावर जे आलं ते नुसतं वाईट वाटणं नव्हतं. थोडा हेवाच वाटावा, असं काहीतरी होतं. लवूला ते वाचता येईना.

त्याने फॉर्म पुढे केला. "साहेबांची सही लागेल."

बाई फॉर्म घेऊन आत गेल्या. कुजबुज ऐकू आली, एकाच आवाजाची. बाहेर आल्या तेव्हा शाई ओली होती. 'टिपणीस'मधला 'प' हुबेहूब कॅलेंडरवरच्या 'पाव'मधला.

खाली दोन रकाने उरले होते. खरेदीदार हयात आहे काय? खरेदीदारास प्रत्यक्ष पाहिले काय? सव्वीस वर्षांत लवूने न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं नव्हतं. रिटायर व्हायला दोन वर्षं होती. कोणी शहानिशा केली तर तीही जायची. त्याने काळ्या वर्तुळाकडे पाहिलं, दोरीवरच्या टॉवेलाकडे पाहिलं. मग दोन्हीकडे 'होय' लिहिलं, जरा दाबूनच.

उंबऱ्याशी तो थांबला.

"वहिनी, फरशा नाही बसायच्या आता. पण एक सांगू? माझ्यापुढे ते झोपलेत म्हणायची काही गरज नव्हती. साहेब गेले ते मला जिन्यातच कळलं. एकट्या माणसाचं घर माझ्यापासून लपत नाही. नोकरीत पहिल्यांदाच खोटं लिहिलंय मी, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका."

नलूबाईंनी मंगळसूत्र बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"हयात लिहिलंत ना? मग ते खोटं नाहीये, भाऊ," त्या म्हणाल्या. "गेले ते दोन बॅगा घेऊन, टॅक्सीनं. वरळीला, तिच्याकडे."