उघडलेली अढी

अढीत एकतीस आंबे होते, भाताच्या पेंढ्यात दोन थरांनी लावलेले. चोवीस अजून हिरवे, सहा देठापाशी पिवळसर, आणि एकावर अंगठ्याच्या पेराएवढा काळपट डाग. लीलाने तो बाजूला ठेवला आणि उरलेले तीसही एकेक करून दाबून पाहिले. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

"उघडलीस ना पुन्हा अढी?" माजघरातून तिच्या वडिलांचा, राजाभाऊंचा, आवाज आला. ते आता खाटेवरून उठत नव्हते, पण पेंढ्याची सळसळ त्यांना बरोबर ऐकू येई.

"नाही हो बाबा."

"साठ वर्षं अढ्या घातल्या मी. सारखी उघडलीस तर ऊब जाते गो. आठ दिवस हात लावायचा नसतो. आंबा काय पळून जातोय?"

काल रत्नागिरीहून डॉक्टर आले होते. जाताना पडवीत लीलाला हळूच म्हणाले होते, "दोन दिवस. फार तर तीन." राजाभाऊंना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

लीलाने पेंढा सारखा केला. विहिरीवरच्या मोटारीचं बटण बंद असल्याचं पाहिलं. औषधांचा डबा पुन्हा लावला. लांज्याला नवऱ्याला फोन करून गॅस बंद आहे ना, ते विचारलं. तो हो म्हणाला. सकाळीही हो म्हणाला होता.

"लीले, आंबा राहू दे," राजाभाऊ म्हणाले. "तू बैस इथं जरा. माझ्याजवळ."

"आलेच."

"नऊ दिवस आलेच म्हणत्येस. एवढ्यात एस्टीसुद्धा येते."

खाटेशेजारी बसलेली त्यांची नात आर्या हसली. मग उठली आणि आईच्या हातातला डबा काढून घेतला. "आई, दहा मिनिटं. मी घड्याळ लावते. मोटार, गॅस, आंबे, सगळं मी बघते. तू फक्त बस."

लीला खाटेच्या कडेवर बसली. राजाभाऊंनी तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला, त्यावर स्वतःचे दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. हळूहळू त्यांचा श्वास लांबला. कपाळावरची आठी गेली.

लीलाचा उजवा पाय हलू लागला. तिने मोकळ्या हाताने गुडघा दाबून धरला. तेव्हा डावा हलू लागला. खाट जुनी, सांध्यांत सैल झालेली. थरथर फळ्यांतून उशीपर्यंत गेली, आणि राजाभाऊंची हनुवटी त्याच ठेक्यात हलू लागली. लीला ते पाहत होती. तिने ओठ आवळले, श्वास धरला. पाय थांबेना.

राजाभाऊंनी डोळे उघडले. ते रागावले नाहीत. छातीवरचा तिचा हात त्यांनी उचलला, तिच्याच मांडीवर नेऊन ठेवला आणि दोनदा थोपटला.

"जा गो बाय. काय बघायचंय ते बघून ये."

"आत्ता येते, बाबा. आत्ता." ती बोलायच्या आधीच उठली होती.

राजाभाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. आर्याने मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं. दोन मिनिटं, चौदा सेकंद.