हिरवी पट्टी

भरदुपारी लाइट गेली आणि पाठोपाठ हिंगोलीहून हरीशचा व्हिडिओ कॉल आला. कुरुंद्याची लाइट कधी जाते, कधी येते, हे त्याला तोंडपाठ होतं. बापाच्या गोळ्यांच्या वेळा मात्र कधी पाठ झाल्या नाहीत.

"माय, रेघ कुठं हाय?"

द्वारकाबाईनं फोन माशाच्या टाकीसमोर धरला. निळा फायटर मासा वर येऊन तोंड उघडत होता. सुनेला शहरातल्या घरात टाकीची घाण नको होती, म्हणून टाकी इथं आली. द्वारकाबाईला आकडे वाचता येत नव्हते. टाकीतल्या थर्मामीटरची लाल रेघ हिरव्या पट्टीच्या वर गेली की मासा मरतो, एवढंच लेकानं शिकवलं होतं.

"जराशीक वर गेली. पण हरीश, तुझ्या बाला बघ आधी."

तिनं फोन बाजेकडे वळवला. सकाळपासून वाळत घातलेली हळद राखत बसलेला दगडोबा तासाभरापूर्वी भिंत धरधरून घरात आला होता. आता तो हाकेला ओ देत नव्हता.

"बर्फाची एकच बाटली उरली. यायच्या डोक्याला लावते."

"काहून? बाटली टाकीत सोड. बाला ओलं फडकं लाव. त्यायचा जन्म उन्हात गेला, त्यायला काय व्हतंय? मासा नाजूक हाय."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला ऊन लागत नाही.

द्वारकाबाई बाटली घेऊन आधी बाजेकडेच वळली. तरी तिनं बाटली टाकीत सोडली. लेकाचा शब्द तिनं आजवर खाली पडू दिला नव्हता, त्याचीच ही फळं. थोड्या वेळानं रेघ हिरव्या पट्टीत उतरली.

"बराबर," हरीश म्हणाला. "आता तिथंच बसून ऱ्हाय."

ती बसली नाही. तिनं टाकीत हात घालून थर्मामीटर बाहेर काढलं, पदरानं कोरडं केलं आणि दगडोबाच्या काखेत धरलं. त्याच्या अंगाचा चटका तिच्या बोटांना लागत होता. रेघ हिरवी पट्टी ओलांडून वर गेली, आणखी वर गेली. तिनं थर्मामीटर काढून फोनसमोर धरलं.

"मासा तर त्या पट्टीच्या वर मरते म्हंतोस. माणूस किती येळ ऱ्हाते रे?"

"माय! ते काहून काढलं?" हरीश ओरडला. "धुऊन ठेव आधी. माणसाचा घाम माशाला चालत न्हाई."

द्वारकाबाईनं काचेवरून बोट फिरवलं. मग दगडोबाच्या कपाळावरून, मानेवरून फिरवलं.

"घाम न्हाई रे लागला," ती म्हणाली. "मघापासून त्यायला येऊनच न्हाई राहिला."