तालमीचा आवाज

"मारणाऱ्याने नुसता हात फिरवायचा. आवाज मार खाणाऱ्याने काढायचा," मास्तरांनी नायकाचं मनगट हवेतच पकडलं. "तू खरंच मारत होतास."

खलनायक गाल चोळत उभा होता. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. नायक हसला. "जोशात लागलं, मास्तर. माफ करा."

नाटकातल्या मारामाऱ्या बसवणं हा मास्तरांचा धंदा. उन्हाळी हंगामापुरते ते घरदार सोडून या डोंगरउतारावरच्या गावात येऊन राहिले होते. नाटक भलतंच रक्तरंजित होतं. दिवसभर नटमंडळी एकमेकांना आपटत आणि न लागता कसं आपटायचं ते मास्तर घसा कोरडा पडेपर्यंत शिकवत.

तालीम सुटली की ते पायीच मुक्कामाला निघत. वाटेत टुमदार घरांची रांग होती. उतरती कौलं, पांढरे कठडे, कुंपणावर फुललेले वेल. बघून कुणालाही वाटावं, इथे राहणारी माणसं सुखातच असणार. हंगामात ही घरं नटांना भाड्याने जात. त्यामुळे एका घरातून हुंदके आले, दुसऱ्यातून "तुला जिवंत सोडणार नाही" असं ऐकू आलं, तरी गावाला त्याचं काही वाटत नसे. नट म्हणजे अर्धे वेडेच, पाठांतर चाललं असेल, असं म्हणून लोक पुढे जात.

चालता चालता मास्तर घरी फोन लावत. "जेवलीस का? फोन उचलायला एवढा वेळ? बरं बरं. दुपारी कुठे होतीस? मी नाही तिथे, जरा जपून राहत जा गं." बायकोवर त्यांचा भारी जीव. मास्तरांचा फोन झाल्याशिवाय सूर्य मावळत नाही, अशी मंडळी त्यांची चेष्टा करत.

त्या संध्याकाळी पिवळ्या दाराच्या घरासमोर मास्तर थबकले. तिथे नायक राहायचा, बायकोबरोबर. ती मंडळींचा कपडेपट सांभाळायची आणि सगळे तिला वहिनी म्हणायचे. आतून धप्प असा आवाज आला. मग काहीच नाही. मग बारीकसं कण्हणं.

शेजारीण झाडांना पाणी घालत होती. "रोज चालतं हं," ती कौतुकाने म्हणाली. "फार मेहनती जोडपं."

मास्तर कुंपणाशी कान देऊन उभे राहिले. नाटकातला माणूस मार बसताक्षणी ओरडतो. खरा मार बसला की आधी श्वास अडकतो, ओरडायला हवाच उरत नाही. शिवाय वहिनीला नाटकात काम होतं कुठे?

दुसऱ्या दिवशी ते कपडेपटात गेले. वहिनी एका कोटाला बटण लावत होती. चेहऱ्यावर ओरखडा नाही, हातावर डाग नाही. पण ती एका कुशीवर भार टाकून बसली होती आणि श्वास जपून घेत होती.

"बरगडी?" मास्तरांनी हळूच विचारलं.

सुई थांबली. "जिन्यावरून पडले."

"जिन्यावरून पडलं की कोपरं सोलतात, वहिनी. तो दिसणार नाही अशाच जागी मारतो."

तिने मान वर केली. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझा धंदाच तो."

"मग कुठे बोलू नका. मागे आईला सांगितलं, तर ह्यांनी गळाच धरला. पुढच्या वेळी सोडणार नाही म्हणालेत."

मास्तर तडक दिग्दर्शिकेकडे गेले. ती कपाळाला हात लावून बसली. "प्रयोग तोंडावर आलाय, मास्तर. नवराबायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?"

मास्तरांचं डोकं सणकलं. ते तिला नको नको ते बोलले. सगळी मंडळी ऐकत होती. नायकही.

संध्याकाळी पिवळ्या दाराशी पोचेपर्यंत आत खुर्ची कोसळली होती. कुंपणापलीकडून शेजारणीने हसून हात हलवला. मास्तरांनी दाराला लाथ घातली. कडी उखडली.

वहिनी स्वयंपाकघरात फरशीवर उताणी पडली होती. नायकाचा गुडघा तिच्या छातीवर होता, अंगठे गळ्यात रुतले होते. तिचा चेहरा काळानिळा पडत चालला होता आणि हात बाजूला नुसतेच पडले होते.

मास्तरांनी त्याला केसांना धरून ओढलं आणि भिंतीवर आदळलं. नाक फुटलं. त्याने ओट्यावरची सुरी उचलली. मास्तरांनी हात असा पिरगळला की हाड मोडल्याचं ऐकू आलं. तिथे थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. पोटात, कुशीत, बरगड्यांखाली त्यांच्या मुठी पडत राहिल्या. शेवटी वहिनीच खुरडत आली आणि तिने त्यांचे पाय धरले. "बास, मास्तर! मरेल तो!"

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. शेजारीण धाय मोकलून रडत होती. "आम्हाला वाटलं, तालीम आहे!"

वहिनीला तिची आई घेऊन गेली. निघताना तिने मास्तरांचे सुजलेले हात हातात घेतले. "तुम्ही नसतात तर मी आज नसते."

"बाईमाणसावर हात टाकणाऱ्याला माणूस म्हणू नये," मास्तर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

नायक इस्पितळात, म्हणजे नाटक बंद. मास्तर ठरल्यापेक्षा आधीच घरी परतले. निरोप द्यायला झाडून सगळी मंडळी जमली. दिग्दर्शिकेने सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली.

घरची बेल त्यांनी दोनदा वाजवली. दार उघडायला अंमळ उशीर झाला.

"तुम्ही?" बायको दारातच उभी राहिली. "इतक्यात येणार नव्हतात ना?"

"का? अडचण झाली?" मास्तर हसले. बॅग कोपऱ्यात ठेवली. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या.

बायको वळली आणि मुकाट्याने एकेक खिडकी लावू लागली, आधी शेजाऱ्यांच्या बाजूची.