प्रोफेसर हुसेनांचा एकुलता विद्यार्थी

साल एकोणीसशे एक्कावन्न. सगळ्या जगाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेली एस्परांतो भाषा प्रोफेसर तफज्जुल हुसेन कोलकात्यात फुकट शिकवत. पहिल्या दिवशी अकरा जण आले. महिन्याभरात एकटे विनायक सबनीस उरले. पण त्यांचा एका दिवसाचा खाडा नाही.

"अहो, मुलं घरात बांगला बोलतात, त्यांना आधी मराठी शिकवा!" बायको, कमल, टोमणा मारायची. "ही जगाची भाषा तुम्ही बोलणार कुणाशी?"

बोलायचं कुणाला होतं! परदेशातून पत्रं येणाऱ्यांवर तेव्हा सरकारची नजर असे. प्रोफेसरांची पत्रं सबनिसांच्या कचेरीत गुपचूप उघडली जात, पण वाचणार कोण? साहेबांनी सबनिसांना सांगितलं होतं, "शिकून घ्या. त्यांच्या इथल्या साथीदारांची नावं मिळाली, तर बढती तुमचीच."

"सबनीसबाबू, तुम्ही आहात म्हणून वर्ग चालू आहे," प्रोफेसर स्वतःच्या हातानं चहा ओतत म्हणायचे.

सहा महिन्यांनी सबनिसांनी त्यांचं एक अख्खं पत्र न अडखळता वाचून काढलं. बुडापेस्टच्या मित्राला लिहिलेलं. नाव सापडलं. साहेब समोरच उभे होते.



"इथं माझा साथीदार एकच, विनायक सबनीस. सोबत त्यांच्या घरचा पत्ता देतो. यापुढे तिकडच्या सगळ्यांनी त्यांनाही पत्रं लिहावीत."