एकच खोली शिल्लक

ताटलीतल्या टीपकागदावरच्या पन्नास बियांपैकी अठ्ठेचाळीस उगवल्या होत्या. उरलेल्या दोन चौदाव्या दिवशीही जशाच्या तशा होत्या, गोल आणि चकचकीत. बाईंनी एकीला चिमट्याने हलकेच दाबलं. ती दबली नाही.

"मेली का हो?" नकाशेवाल्यांनी टेबलावर वाकून विचारलं. बिया त्यांच्याच गॅलरीतल्या वेलाच्या होत्या.

"मेलेली बी मऊ पडते. ही कठीण बी. आत जिवंत आहे, फक्त कवच पाणी आत घेत नाही."

"मग करायचं काय तिचं?"

"कवचाला जरासा ओरखडा काढायचा."

"तुमचं बीजपुराण आवरा आता!" लॅपटॉपमागून बाईंची लेक ओरडली. "दहाला तीन मिनिटं आहेत. राहायचं कुठे ते नक्की आहे ना, की अजून प्रयोग चालूच?"

बाईंची सगळी नोकरी बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. पहिल्याच वर्षी त्यांनी एक नमुना दहाव्या दिवशी मृत ठरवून निकाल देऊन टाकला, आणि खणात विसरलेली त्याचीच ताटली पंधराव्या दिवशी हिरवीगार झाली. तेव्हापासून मुदतीआधी निकाल द्यायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बियांपुरतं ते ठीक होतं. पण वरच्या मजल्यावर एकटे राहणारे नकाशेवाले, ज्यांनी आयुष्यभर मोजणी खात्यात नकाशे काढले, त्यांनी दोन वर्षांपूर्वी जिन्यात थांबून विचारलं होतं, "उरलेले दिवस एकत्र काढू या का?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "सांगते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी फिरायला मात्र सोबत येत राहिले. गेल्या महिन्यात चालता चालता म्हणाले, जंगल बघून आलो की मुलाकडे राहायला जाईन म्हणतो, तो कधीचा बोलावतोय. आवाजात कुरकुर अजिबात नव्हती. बाईंना तेच लागलं.

राष्ट्रीय उद्यानाला जायचं दोघांचं कधीचं ठरलेलं. राहायचं कुठे, यावर तीन महिने गेले. लेक जागा दाखवी आणि बाई बाद करत. शहरातलं तलाववालं हॉटेल बाद, कारण तिथून उद्यानाचं फाटक बारा किलोमीटर. फाटकाजवळची घरं बाद. तिथे पहाटे कोंबडेच इतके ओरडतात की पक्षी ऐकू येत नाहीत. नदीकाठचे तंबू बाद, कारण कापडातून घोरणं ऐकू जातं.

"कोणाचं कोणाला?" लेकीने विचारलं होतं. बाईंनी चष्मा पुसायला घेतला होता.

उरलं जंगलाच्या आतलं विश्रामगृह. खोल्या आठ, दिवे नऊला बंद, व्हरांड्यातून हरणं दिसतात. आरक्षण चार महिने आधी, सकाळी ठीक दहाला सुरू होतं आणि बघता बघता संपतं. यात बाईंना खोट सापडली नाही. तरी त्यांनी बजावलं होतं, "खोल्या दोन."

दहा वाजले.

"आलं पान... पाच आहेत... तीन... अरे देवा!" लेकीची बोटं थांबली. "आई, एकच मिळाली. पाच मिनिटं धरून ठेवतात, नंतर गेली."

पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडे उलटे धावू लागले.

"बाईंना घे ती खोली," नकाशेवाले लगेच म्हणाले. "मी फाटकाबाहेर कुठेतरी राहीन. सकाळी येईन चालत."

"फाटक सहाला उघडतं," बाई म्हणाल्या. "पक्षी पाचला बोलतात."

"मग व्हरांड्यात पथारी टाकतो."

"व्हरांड्यात अस्वलं येतात, काका. नियमावलीत लिहिलंय."

"येऊ दे की. चुकलेल्यांना रस्ता दाखवणं हेच तर माझं काम होतं."

लेक हसली, बाई हसल्या नाहीत. त्या ताटलीकडे बघत होत्या.

"तीन मिनिटं," लेक म्हणाली. "आई, मी दोघांची नावं टाकते एकाच खोलीत. पुढचं पुढे बघू." तिने भराभर नावं टाकली, वयं टाकली आणि अडली. "आता हे नातं विचारतंय. दुसऱ्या पाहुण्याचं पहिल्याशी. भाऊ, मित्र, पती, इतर." तिच्या आवाजातली थट्टा एकदम ओसरली. "काय लिहू?"

"इतर लिही गं," नकाशेवाले म्हणाले. "इतरच बरं." आणि रिकामा कप घेऊन ते धुवायला निघाले.

"बसा," बाई म्हणाल्या.

ते कप हातात धरूनच बसले. बाईंनी चिमट्याने एक कठीण बी उचलली, उजेडात धरली, आणि सुईच्या टोकाने तिच्या पाठीवर बारीक रेघ ओढली. मग ती पुन्हा ओल्या कागदावर ठेवली. हे त्यांनी सावकाश केलं. लाल आकडे एका मिनिटाच्या खाली उतरले.

"आई! अगं, चाळीस सेकंद!"

"जायला किती दिवस आहेत?"

"एकशे वीस. पण त्याचं आत्ता काय?"

"मग पती लिही," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या नोंदणीला तीसच लागतात. मी मागच्याच वर्षी चौकशी करून आलेय."